मांजराला हवे असते ते अभय
(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या गावाच्या नावातच मांजर आहे. त्यामुळे मांजराविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार आम्हा मांजरसुंबेकरांना जन्मतःच मिळालेला आहे, असे मी मित्रांना गमतीने सांगतो. धुळे-सोलापूर हमरस्ता आणि अहिल्यानगरहून केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, तिथे आमचे गाव. मांजरा नदीचा उगमही याच बालाघाटाच्या डोंगरात, पाटोदा तालुक्यात. नावात एवढी मांजरे असूनही गावात मांजराची चौकशी मात्र कोणी करत नाही. म्हैस आटली, शेळी व्याली, बैल लंगडला, तर पारावर बातमी होते. मांजर नुसते असते. ते कोणी विकत आणत नाही आणि ते गेले तर कोणी शोधत नाही.

आमच्या गावापासून पाटोद्याच्या बाजूला नायगावचे मयूर अभयारण्य आहे. १९९४ साली ते घोषित झाले. अभयारण्य हा शब्द मला फार आवडतो. मी कविता लिहिणारा माणूस, त्यामुळे शब्द उलटून पालटून पाहायची खोड आहे. जिथे भय नाही ते अरण्य. उर्दूत आम्ही पनाहगाह म्हणतो. पण पनाह मागावी लागते, अभय दिले जाते. आणि मंडळी, आठ वर्षांपासून घरात एक अधू बोका सांभाळताना मला असे दिसून आले आहे की, मांजराला आपल्याकडून सर्वांत आधी हवे असते ते हेच. माया त्यानंतर, आणि तीही त्याच्या सवडीने.

हा बोका हमरस्त्यावरच्या एका ढाब्यामागे सापडला. दोन-अडीच महिन्यांचा असेल. चालताना चारी पाय फाकलेले, मान थरथरणारी, तीन पावले टाकली की एका कुशीवर धप्प. ढाब्यावरच्या पोरांनी त्याचे नाव 'बेवड्या' ठेवले होते. आमच्या बेगमने पाहिले आणि म्हणाली, "अजी, इसकू घर कू लेके चलो, ट्रक के नीचे आ जाएगा." घरी आल्यावर त्याने जो रुबाब दाखवला त्यावरून त्याचे नाव बादशाह पडले. उचलून घेतलेले त्याला खपत नाही. मांडीवर तो बसत नाही. पडला तर आपला आपण उठतो, आणि मदतीला हात पुढे केला की असा काही बघतो की हात मागे घ्यावा.

ज्याला आपली गरज आहे, पण ज्याला ती गरज मान्य नाही, त्याचा सांभाळ कसा करायचा? आजच्या भाषणाचा विषय एवढाच आहे. घरात स्वाभिमानी म्हातारे माणूस असलेल्यांना हा प्रश्न मांजराशिवायही समजेल.

आधी त्याला झाले आहे काय ते सांगतो. पशुवैद्यक डॉक्टरांनी मला जे समजावून दिले ते मी माझ्या भाषेत मांडतो, कारण मी बी. ए. झालेला माणूस, वैद्यकातला नव्हे. मांजरांमध्ये पॅनल्युकोपेनिया नावाचा एक विषाणूजन्य रोग असतो. कुत्र्यांच्या पार्व्होचा तो सख्खा भाऊ म्हणा. गाभण मांजरीला त्याची लागण झाली, किंवा पिलाला जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत झाली, तर हा विषाणू ज्या पेशी वेगाने वाढत असतात त्यांच्यावर घाला घालतो. त्या वेळी पिलाच्या डोक्यात वेगाने वाढत असतो तो लहान मेंदू, म्हणजे डोक्याच्या मागच्या भागातला, तोल आणि हालचालींचे माप सांभाळणारा. तो पुरता वाढत नाही. हातापायांत ताकद असते, डोळे-कान ठीक असतात, बुद्धी शाबूत असते. पण पाऊल किती उचलायचे आणि कुठे टाकायचे याचा हिशेब चुकतो. म्हणून बादशाह झोपलेला असताना अगदी स्थिर असतो आणि दुधाच्या वाटीकडे तोंड नेऊ लागला की त्याची मान हलू लागते. काही करायला जावे तेव्हाच थरथर वाढते.

यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. हे दुखणे नव्हे, म्हणजे त्यात वेदना नाही. ते वाढत जात नाही. आणि ही डळमळ दुसऱ्या मांजराला लागत नाही. असे मांजर नीट सांभाळले तर इतर मांजरांइतकेच जगते. डॉक्टरांनी हे सांगितले तेव्हा आमच्या घरातला अर्धा भार उतरला. कारण तोवर येणारा-जाणारा प्रत्येक जण दोनपैकी एक सल्ला देत होता. एक, "सुई देऊन मोकळे करा बिचाऱ्याला." दुसरा, "कपिलधारच्या डोंगरात नेऊन सोडा, निसर्ग बघून घेईल."

दुसऱ्या सल्ल्याविषयी थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण तो आपल्याकडे फार रूढ आहे. पिले जास्त झाली की पोत्यात घालायची आणि ओढ्यापलीकडे सोडून यायची, ही रीत तुम्हीही पाहिली असेल. निसर्ग काय बघून घेतो? कोल्हा, कुत्री आणि भूक बघून घेतात. घरमांजर हा काही जंगलातून चार दिवस मुक्कामाला आलेला पाहुणा नाही. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले, ते साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे. २००४ साली ते संशोधन प्रसिद्ध झाले. माणसाने धान्याची कणगी भरली, उंदीर आले, उंदरांमागे मांजर आले, असा हा शेजार आहे. तो मोडून जनावर टाकून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली गुन्हाही आहे. आणि समजा मांजर धडधाकट निघाले आणि डोंगरात जगले, तर? मग ते तित्तर, लाव्हे आणि मोराची पिले धरून खाणार. एकाला जीवदान द्यायचे म्हणून दुसऱ्याचे अभय काढून घ्यायचे, हे काही पटत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, घरमांजराचे अभयारण्य हे कुंपणाच्या आतच असले पाहिजे.

आमचे अंगण हेच बादशाहचे अभयारण्य. त्यात खर्चाचे काही केलेले नाही. गुळगुळीत फरशीवर तो घसरतो, म्हणून त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर गोणपाट अंथरले आहे. त्याची नखे आम्ही कापत नाही. तोल जाऊ लागला की तो नखे रोवून सावरतो. जिन्याला फळी लावून जाणे बंद केले, कारण उंचीचा अंदाज त्याला येत नाही, पण उंच जाण्याची हौस मात्र भरपूर आहे. हौदावर जाळी टाकली. पाणी पसरट, जड दगडी कुंडीत ठेवतो. हलकी वाटी त्याच्या हलत्या डोक्याने उलटते. जेवणाची थाळी चार बोटे उंच ठेवली की मान कमी हलते. शौचाचा प्रश्न मोठा होता. घमेल्यात वाळू ठेवली तर तो बसताना कलंडून सगळा माखायचा, आणि मांजराइतके स्वच्छतेचे वेड असलेल्या प्राण्याला याहून मोठा अपमान नाही. शेवटी टोमॅटोचे एक जुने कॅरेट घेतले, आतून ताडपत्री लावली, एक बाजू कापून उंबऱ्याएवढी बुटकी केली आणि उरलेल्या तीन उंच ठेवल्या. आता तो आत जातो, भिंतीला खांदा टेकवतो आणि उरकून, वर वाळू लोटून बाहेर येतो. त्या दिवसापासून त्याचा चेहरा बदलला, असे बेगमचे म्हणणे आहे. मलाही तसे वाटते.

मदतीची ही पद्धत मला महत्त्वाची वाटते. त्याला उचलून वाळूवर नेऊन बसवणे सोपे होते. पण ते आपले काम झाले असते, त्याचे राहिले नसते. जागा बदला, त्याला हलवू नका, हे धोरण आम्हाला उपयोगी पडले.

मांजर एकलकोंडे का, याचे कारण त्याच्या शिकारीत आहे. लांडगे कळपाने शिकार करतात, म्हणून त्यांच्या वंशातल्या कुत्र्याला सोबत लागते. मांजर एकट्याने, स्वतःपेक्षा लहान प्राणी मारते आणि ते स्वतःच मोठ्या जनावरांची शिकारही होऊ शकते. अशा प्राण्याने दुखणे दाखवले तर संपले. म्हणून ते दुखणे लपवते. अधू मांजराच्या सांभाळात सर्वांत अवघड भाग हाच. ते ओरडून सांगत नाही. कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी २०१९ साली मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची एक पट्टी तयार केली. पाच गोष्टी पाहायच्या: कान बाहेर वळून चपटे झाले आहेत का, डोळे बारीक केले आहेत का, नाकातोंडाचा भाग ताणलेला आहे का, मिशा ताठ सरळ झाल्या आहेत का आणि डोके खांद्याच्या रेषेखाली गेले आहे का. हे पाहायला मांजराला हातही लावावा लागत नाही. बादशाहसारख्याला हे बरे पडते.

हात लावण्याचेही शास्त्र आहे. पिलाच्या वयाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाचा हात लागला तर ते माणसाळते. ती वेळ टळली की पुढे विश्वास मिळवायला फार काळ लागतो. बादशाह आमच्याकडे आला तेव्हा ती वेळ निघून गेली होती. मग आम्ही काय केले? काही नाही. त्याच्याजवळ बसून मी वर्तमानपत्र वाचत असे. त्याच्याकडे टक लावून पाहायचे नाही, कारण मांजराच्या भाषेत ती धमकी असते. त्याने पाहिले तर आपण डोळे हळूच मिटायचे आणि हळूच उघडायचे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले की, असे केले तर मांजरही डोळे बारीक करून उत्तर देते आणि पुढे केलेल्या हाताकडे यायला अधिक राजी असते. आपल्याकडे 'मांजर डोळे मिटून दूध पिते' म्हणून त्याला लबाड ठरवले आहे. त्या मिटल्या डोळ्यांत विश्वास असू शकतो, ही शक्यता म्हणी करणाऱ्यांनी विचारात घेतलेली दिसत नाही. दुसरी एक म्हण मात्र अचूक आहे: मांजरीचे दात पिलांना लागत नाहीत. तत्त्वज्ञानात मार्जारकिशोर न्यायही सांगतात, पिलाने काही करायचे नाही, आई तोंडात धरून नेते. पण ते आईचे काम. मोठ्या मांजराला मानगुटीला धरून उचलू नये. त्याचे सगळे वजन कातडीवर येते आणि भीती बसते ती वेगळी.

खाण्याविषयी आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. मांजर म्हटले की दूध-भाकरी. पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, ढाळ लागते. बादशाहला चमचाभर मिळते ते केवळ त्याच्या हट्टाखातर. मांजराला मांस लागतेच. टॉरिन नावाचे एक द्रव्य मांसात असते आणि मांजराचे शरीर ते स्वतः पुरेसे तयार करू शकत नाही. ते मिळाले नाही तर डोळ्याचा पडदा निकामी होतो, हे १९७५ साली सिद्ध झाले, आणि हृदयाचे स्नायू ताणून दुबळे होतात, हे १९८७ साली. शाकाहारी घरात मांजर असेल तर पुडीतले तयार खाद्य आणावे, त्यात टॉरिन घातलेले असते. हाताने मांस शिजवावे लागत नाही आणि कोणाचा नेमही मोडत नाही. आणखी एक गोष्ट. मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही तर त्याच्या यकृतावर चरबी चढू लागते आणि ते जीवावर बेतते. 'रुसले असेल, भूक लागली की खाईल' हे मांजराच्या बाबतीत म्हणू नये.

आपल्या घरात मांजराचे वैरी कोण आहेत माहीत आहे? पहिला, पॅरासिटामॉल. ताप आला म्हणून माणसाची अर्धी गोळी मांजराला देणारे लोक मी पाहिले आहेत. ते औषध मांजराच्या यकृताला निचरून टाकता येत नाही. अर्ध्या गोळीनेही मांजर दगावू शकते. दुसरा, फरशी पुसायचे फिनेल. ते मांजराच्या पायाला लागते, मांजर पाय चाटते. तिसरा, कुत्र्याच्या गोचिडांवरची परमेथ्रिनची औषधे. चौथा, उंदराचे विष, कारण विष खाल्लेला सुस्त उंदीर अधू मांजरालाही सहज सापडतो. आमच्याकडे फरशी साध्या साबणाच्या पाण्याने पुसतात.

अधूपणाचे प्रकार अनेक आहेत आणि प्रत्येकाची निगा वेगळी. आंधळ्या मांजराच्या घरात खाट, पाट, पाण्याची जागा हलवू नये. ते मिशांनी आणि आठवणीने घर पाहत असते. जवळ जाण्याआधी आवाज द्यावा. बहिऱ्याला आवाज उपयोगाचा नाही. जमिनीवर पाय आपटावा, कंप त्याला कळतो. पांढऱ्या, निळ्या डोळ्यांच्या मांजरांत बहिरेपण पुष्कळ आढळते. तीन पायांचे मांजर बहुधा आपल्याहून चपळ असते, फक्त त्याला लठ्ठ होऊ देऊ नये. सर्वांत कठीण म्हणजे कमरेतून गेलेले. त्याला लघवी आपोआप होत नाही. दिवसातून दोन-तीन वेळा पोट हलके दाबून मूत्राशय रिकामे करावे लागते आणि ते डॉक्टरांकडून हात धरूनच शिकावे. बोका, मग तो धडधाकट का असेना, वारंवार बसतो आहे आणि थेंब पडत नाही असे दिसले तर उद्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

अशा जनावरांसाठी जागा राखून ठेवण्याची कल्पना नवी नाही. तेराव्या शतकात मम्लुक सुलतान बेबर्सने कैरोतल्या बेवारस मांजरांसाठी एक बाग वक्फ करून दिली. १८३० च्या दशकात एडवर्ड लेन हा इंग्रज अभ्यासक तिथे राहिला तेव्हा बाग केव्हाच विकली गेली होती, पण काझीच्या कचेरीसमोरच्या चौकात दुपारच्या नमाजाच्या सुमारास मांजरांना मांसाचे तुकडे अजून वाटले जात होते. मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारायला काढली तेव्हा १८३२ साली दंगल झाली आणि त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांनी पांजरपोळ उभी केली. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकातले. ॲमस्टरडॅममध्ये १९६८ पासून कालव्यातल्या बोटीवर मांजरांचा आश्रम आहे. रोममध्ये जिथे ज्युलियस सीझरचा खून झाला, त्या भग्न मंदिरांच्या आवारात १९९० च्या दशकापासून स्वयंसेवक मांजरे सांभाळतात. त्यांत आंधळी आहेत, तीन पायांची आहेत. आमच्या बीड जिल्ह्यातही शिरूर कासार तालुक्यात तागडगावला 'सर्पराज्ञी' हे जखमी वन्यप्राण्यांचे केंद्र सृष्टी आणि सिद्धार्थ सोनवणे या दांपत्याने उभे केले आहे. तिकडे जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे. जे बिबटे जंगलात परत जाऊ शकत नाहीत ते तिथेच राहतात. बिबट्याशी कोणी लाडीगोडी करायला जात नाही. त्याला त्याची जागा, त्याचे खाणे आणि आपल्यापासून अंतर देतात. मला वाटते, लहान मांजरालाही थोडेफार हेच हवे असते, फक्त ते लहान असल्यामुळे आपण त्याला विचारत नाही.

आमच्यात एक हदीस सांगतात. एका बाईने मांजर बांधून ठेवले. तिने त्याला खायलाही दिले नाही आणि आपले आपण काही शोधून खाईल म्हणून मोकळेही सोडले नाही. त्या पापाची तिला शिक्षा झाली. यात दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत, अन्न आणि मोकळीक. धडधाकट मांजराला यातले एक दिले तर दुसरे ते मिळवते. अधू मांजराला दोन्ही द्यावी लागतात.

आता त्या पहिल्या सल्ल्याकडे, सुईकडे. मी त्याचा सरसकट विरोधक नाही. असाध्य वेदनेत तडफडणाऱ्या जनावराला डॉक्टरांनी शांतपणे सोडवणे यात दया आहे. पण थरथरणे पाहणाऱ्याला सोसत नाही म्हणून थरथरणाऱ्याला संपवायचे, याला मी दया म्हणत नाही. आमच्या डॉक्टरांनी विचारायला चार प्रश्न दिले. आपले आपण खातो का? अंग चाटून स्वच्छ ठेवतो का? वाळूपर्यंत जातो का? रोज स्वतःच्या मर्जीने काहीतरी करतो का? बादशाह रोज संध्याकाळी भिंतीवरच्या पालीवर झडप घालतो. आठ वर्षांत एकही पाल त्याच्या हाती लागलेली नाही. चौथ्या प्रश्नाचे उत्तर त्यात आले.

दुखण्याचे मूळ टाळता येते, हे सांगायला हवे. सहा ते आठ आठवड्यांपासून पिलांना लस सुरू करावी, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत. गाभण मांजरीला मात्र जिवंत विषाणूची लस देऊ नये. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत पिले होतात. शस्त्रक्रिया वेळेवर केली तर पोते आणि ओढा यांची वेळच येत नाही. ओरखडा किंवा चावा लागला तर साबण लावून पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवावे आणि सरकारी दवाखान्यात जावे. रेबीज मांजरालाही होतो.

लग्नकार्याला आम्ही बाहेरगावी गेलो की शेजारच्या काकू बादशाहकडे पाहतात. काकू माळकरी, पंढरीची वारी करणाऱ्या. पुडीतले खाद्य त्या लांब दांड्याच्या पळीने वाढतात आणि मग हात धुतात. त्यांच्यासाठी आम्ही दारामागे एक कागद चिकटवला आहे: कुंडीत पाणी सकाळ-संध्याकाळ, कॅरेटमधली वाळू रोज, फिनेल नको, पडला तर उचलू नये, एक दिवस जेवला नाही तर फोन करावा. खाली डॉक्टरांचा नंबर. मागच्या खेपेला परत आलो तेव्हा त्या कागदावर काकूंच्या अक्षरात एक ओळ वाढली होती: "दार उघडताना आधी खाली पाहणे, तो उंबऱ्यालाच टेकून बसलेला असतो."